हीथ्रोवर उतरल्यावर लंडनमध्ये जायचंच कशाला?

मुंबई विमानतळावर उतरून नाशिकला जायचं असेल, तर कोणी आधी सीएसएमटी गाठत नाही. विमानतळाबाहेरूनच नाशिकची वाट धरतो. हीच माणसं हीथ्रोवर उतरली की मात्र आधी लंडनमध्ये शिरतात. विमानाच्या तिकिटावर लंडन लिहिलेलं असतं, मुलाने फोनवर लंडन म्हटलेलं असतं, शेजाऱ्यांना सांगतानाही आपण लंडनच म्हणतो. प्रत्यक्षात मुलगा राहतो रेडिंगला. मुलीला प्रवेश मिळालेला असतो कॉव्हेंट्रीला. मग सामान घेऊन लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन गाठायचं, तिथून रेडिंगची गाडी धरायची आणि हेज अँड हार्लिंग्टन हे जे स्टेशन जाताना मागे टाकलं, तेच पुन्हा उलट दिशेने ओलांडायचं. यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात आणि खांदे दुखतात ते वेगळंच.

हीथ्रो लंडनच्या पश्चिम टोकाला आहे, शहराच्या मध्यापासून साधारण २३ किलोमीटरवर. लंडनला वळसा घालणारा एम-२५ आणि पश्चिमेकडे ब्रिस्टल, कार्डिफच्या दिशेने जाणारा एम-४ हे दोन्ही महामार्ग त्याच्या उशाशी आहेत. त्यामुळे इंग्लंडच्या पश्चिमेला, वायव्येला आणि मिडलंड्समध्ये जाणाऱ्यांना शहरात शिरायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. तिकीट काढण्याआधी आपल्या मुक्कामाचा पोस्टकोड विचारून घ्या. ब्रिटनचा पोस्टकोड आपल्या पिनकोडसारखा अख्ख्या भागाचा नसतो. तो बहुधा एका गल्लीतल्या मोजक्या घरांपुरताच असतो. नकाशावर तो पोस्टकोड आणि हीथ्रो, दोन्ही एकत्र पाहा. लंडन मध्ये येतं की बाजूला राहतं, ते तिथेच कळतं.

पुढचा प्रवास भारतातून निघण्याआधी ठरवून ठेवावा, पण तिकीट काढताना हात थोडा सैल ठेवावा. इथे आपली माणसं हमखास फसतात. ब्रिटिश रेल्वेचं सगळ्यांत स्वस्त तिकीट ‘अ‍ॅडव्हान्स’ नावाचं असतं आणि ते ठरावीक गाडीपुरतंच चालतं. विमान उशिरा आलं, इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला आणि ती गाडी सुटली, तर ते तिकीट पुढच्या गाडीला चालत नाही. नवं काढावं लागतं. विमान कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, रेल्वेही घेत नाही. परतीच्या प्रवासाला, किंवा आठवडाभराने कुठे फिरायला जायला, अ‍ॅडव्हान्स उत्तम. विमानातून उतरल्या दिवशी मात्र ‘ऑफ-पीक’ किंवा ‘एनीटाइम’ तिकीट घ्या. ऑफ-पीक तिकीट गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालतं. बसचं तिकीट आधी काढायचं असेल, तर विमान उतरण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ यांत किमान तीन तास ठेवा, किंवा वेळ बदलता येईल असं तिकीट काढा. बसस्थानकावर तासभर चहा पीत बसणं परवडतं.

वेळेचंही नीट पाहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. एरवी साडेपाच तास. एप्रिलमध्ये बुकिंग करणारा नोव्हेंबरच्या प्रवासाचा हिशेब साडेचार तासांनी करतो आणि तासाभराचा घोळ होतो. तिकिटांवरच्या वेळा स्थानिकच असतात, तेव्हा भारतातल्या घड्याळाशी ताळा करत बसू नये.

आता विमानतळाकडे वळू. हीथ्रोला २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल चालू आहेत; १ क्रमांकाचं २०१५मध्ये बंद झालं. २ आणि ३ शेजारीशेजारी असून भुयारी वाटेने चालत जोडलेली आहेत. ४ आणि ५ मात्र एकमेकांपासून आणि मधल्या दोघांपासूनही लांब आहेत, तिथे चालत जाण्याचा प्रश्नच नाही. तुमचं विमान कुठे उतरणार ते तिकिटावर असतं. व्हर्जिन अटलांटिक आणि दुबईमार्गे येणारं एमिरेट्स ३ वर उतरतात, दोहामार्गे येणारं कतार एअरवेज ४ वर. विमान कंपन्या टर्मिनल बदलत असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर जायचं असेल तर एलिझाबेथ लाइन किंवा हीथ्रो एक्स्प्रेस या गाड्यांनी तो प्रवास फुकट होतो. मशीनमधून शून्य किमतीचं तिकीट घ्यायचं किंवा काँटॅक्टलेस कार्ड फाटकाला लावायचं. पैसे कापले जात नाहीत.

विमानातून बाहेर पडल्यावर काळ्या अक्षरांच्या पिवळ्या पाट्या दिसतात. त्यांतली ‘अरायव्हल्स’ धरून चालत राहा. जांभळ्या पाट्या फक्त तिथून दुसरं विमान पकडणाऱ्यांसाठी असतात. गर्दी त्या बाजूला वळली म्हणून आपणही वळायचं नाही. चालणं बरंच असतं. टर्मिनल ५च्या बाहेरच्या इमारतींत विमान लागलं, तर मुख्य इमारतीत यायला भुयारातली छोटी गाडी असते. वाटेत स्वच्छतागृह लागलं तर तिथेच जाऊन या, कारण पुढची रांग किती मोठी असेल सांगता येत नाही.

लँडिंग कार्ड भरायला विमानात पेन शोधणारी मंडळी अजूनही दिसतात. ब्रिटनने ते कार्ड २०१९मध्येच बंद केलं; उतरताना भरायचा कागद आता नाही. आपोआप उघडणारी ई-गेटं मात्र भारतीय पासपोर्टसाठी नाहीत. ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या पासपोर्टधारकांनाच ती वापरता येतात. आपण अधिकारी बसलेल्या खिडकीच्या रांगेत उभं राहायचं. सकाळी आशियातून येणारी बरीच विमानं पाठोपाठ उतरली की ही रांग वाढते. घाई दिसली तरी रांग सोडून विचारायला पुढे जाऊ नका. तिथले लोक नम्रपणे पण ठामपणे परत मागे पाठवतात.

खिडकीवरचे प्रश्न साधे असतात. कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार. आई-वडिलांनी मुलाचा पत्ता, फोन, त्याचं निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवावं, चेक-इन बॅगेत नव्हे. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचं पत्र आणि राहण्याच्या जागेचा कागद छापून जवळ ठेवावा. विचारलं तेवढंच उत्तर द्या. “नातू झालाय, तीन महिने राहणार, मुलाकडे,” एवढं पुरतं; सुनेच्या नोकरीची सविस्तर माहिती लागत नाही. ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवान्याचं पूर्वीचं बीआरपी कार्ड २०२४च्या अखेरीस बंद झालं आणि कारभार ई-व्हिसाकडे गेला. ई-व्हिसा असेल तर यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) तुमच्या खात्याला जोडलेला पासपोर्ट तोच आहे ना, जो तुम्ही हातात घेऊन निघालात, हे घरीच तपासा. मध्यंतरी पासपोर्ट नवा काढला आणि खात्यावर जुनाच राहिला, असं होऊ शकतं.

पुढे सामानाचा पट्टा. बॅग आली नाही तर हॉल सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पत्ता देताना जिथे राहणार तिथला द्या, पोस्टकोडसह, कारण बॅग मागाहून तिथे पोचवली जाते. बाहेर पडताना हिरवी आणि लाल अशा दोन वाटा असतात. हिरवीतून जाणारा म्हणजे ‘माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही’ असं सांगणारा. इथे आपल्या खाऊचा प्रश्न येतो. भारतासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या देशातून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. तेव्हा घरचं तूप, पनीर, पेढे, खव्याची बर्फी बॅगेत घालू नका, मग काकूंनी कितीही आग्रह केला तरी. चिवडा, चकली, शंकरपाळे, मसाले, पापड यांना कोणी हात लावत नाही. हापूसच्या मोसमात पेटी न्यायचा मोह होतो; पण फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं का, ते निघण्याआधी तपासा. ताज्या कढीपत्त्याचंही तेच. दहा हजार पाउंड किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

बाहेर आल्यावर पहिली गरज चालणाऱ्या कार्डाची. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत आणि रेल्वेच्या फाटकावर काँटॅक्टलेस कार्डानेच काम सोपं होतं. आपली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं, फॉरेक्स कार्डंसुद्धा, चालतात, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते आणि काँटॅक्टलेस, दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमधून भारतात असतानाच चालू करा. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. नवऱ्याने एकच कार्ड दोनदा लावून बायकोला आत घ्यायचं, असं तिथे जमत नाही. जे कार्ड आत जाताना लावलं तेच बाहेर पडताना लावायचं. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी यंत्राला फोन आणि प्लास्टिक ही दोन वेगळी कार्डं वाटतात आणि मग दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

आता कुठे जायचं त्याप्रमाणे वाट. पश्चिमेकडचं आधी, कारण आयटीतली पुष्कळशी मराठी कुटुंबं त्याच पट्ट्यात राहतात. स्लाव, मेडनहेड, रेडिंग यांपैकी कुठेही जायचं असेल तर विमानतळावरून एलिझाबेथ लाइनने लंडनच्या दिशेने जाऊन हेज अँड हार्लिंग्टनला उतरा आणि फलाट बदलून उलट दिशेची रेडिंगची गाडी धरा. पॅडिंग्टनपर्यंत जाऊ नका. या मार्गावर एक बारीक पण महागात पडणारी खोच आहे. लंडनचं ऑयस्टर कार्ड पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. त्यापुढे, म्हणजे स्लाव आणि रेडिंगलाही, बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड चालतं, ऑयस्टर नाही. हौसेने ऑयस्टर विकत घेऊन रेडिंगला उतरणाऱ्याला फाटक उघडत नाही. रेडिंगसाठी हीथ्रोवरून रेलएअर नावाची थेट बसही आहे आणि जड सामान असेल तर मी तीच सुचवेन. बस थेट रेडिंग स्टेशनशी सोडते आणि तिथून ब्रिस्टल, कार्डिफ, एक्झिटर या सगळ्या दिशांच्या गाड्या मिळतात.

ऑक्सफर्डला जाणाऱ्यांनी रेल्वेच्या भानगडीत पडूच नये. तिथे थेट बस आहे. तिचं नाव ‘द एअरलाइन’ असल्याने पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो, पण ती बसच आहे. सुमारे दीड तासात पोचवते.

कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, लेस्टर ही विद्यार्थ्यांची शहरं. इथे रेल्वे नकाशावर वेगवान दिसते, कारण लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून कॉव्हेंट्री तासाभरावर आहे. पण हीथ्रोहून यूस्टनला पोचणं, वाटेत गाडी बदलणं, सरकत्या जिन्यांवर दोन मोठ्या बॅगा सांभाळणं हे त्या तासात धरलेलं नसतं. टर्मिनल २ आणि ३च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून नॅशनल एक्स्प्रेसची थेट बस घ्या, बॅगा खाली डिकीत टाका आणि झोपा. एक अडचण मात्र घरीच सोडवायची. काही विमान कंपन्यांना प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. या बसला दोन मध्यम बॅगा, प्रत्येकी २० किलोपर्यंत, असा नियम आहे. दरवेळी कोणी वजन करतं असं नाही, पण मोठी बॅग ड्रायव्हरने नाकारली तर वाद घालून उपयोग नसतो. टर्मिनल ४ किंवा ५ वर उतरलात तर आपली बस तिथे थांबते का ते तिकिटावर पाहा. नसेल तर वर सांगितलेल्या फुकट गाडीने मधल्या टर्मिनलांकडे या. सप्टेंबरमध्ये अनेक विद्यापीठं नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी हीथ्रोवर स्वतःच्या बसगाड्या पाठवतात. विद्यापीठाचे ई-मेल नीट वाचले तर कळतं. नोंदणीची मुदत मात्र आधीच संपते.

ज्यांना खरंच लंडनमध्ये जायचंय त्यांच्यापुढे तीन गाड्या असतात. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते आणि ऐनवेळी घेतली तर त्या पंधरा मिनिटांचे भरपूर पैसे घेते. बरेच दिवस आधी घेतली तर स्वस्त पडते, पण मग तारखेचं बंधन आलंच. मेट्रोची पिकॅडिली लाइन सगळ्यांत स्वस्त. मध्य लंडनला तिला सुमारे पन्नास मिनिटं लागतात, डबे जुने आणि सामानाला जागा कमी. एक बॅग आणि पाठीवर सॅक असलेल्या तरुणाने ती खुशाल घ्यावी. बाकी सगळ्यांसाठी माझं मत एलिझाबेथ लाइनला. २०२२मध्ये सुरू झालेली ही गाडी प्रशस्त आहे, तिच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने किंवा पायऱ्या न चढता जाता येतं, आणि ती पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीटवरून पुढे जाते.

लंडनला एक मुख्य स्टेशन नाही, हे लांबच्या गाडीसाठी लक्षात ठेवायचं. मँचेस्टर, मिल्टन कीन्सची गाडी यूस्टनहून सुटते, लीड्स, न्यूकासल, एडिंबरा किंग्ज क्रॉसहून, नॉटिंगहॅम, शेफील्ड सेंट पँक्रसहून, साउदॅम्प्टन वॉटर्लूहून. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस समोरासमोर आहेत आणि दोन्हींना हीथ्रोहून पिकॅडिली लाइन गाडी न बदलता नेते. पायऱ्या आणि गर्दी टाळायची असेल तर एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला या, तिथून थेम्सलिंकच्या गाडीने सेंट पँक्रस एकच स्टेशन आहे.

रात्रीचं वेगळं. शुक्रवार आणि शनिवारी पिकॅडिली लाइन रात्रभर चालते, पण टर्मिनल ४ला येत नाही. इतर रात्री एन-९ ही रात्रीची बस मध्य लंडनपर्यंत जाते. नाताळचा दिवस याहून कठीण. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे आणि लंडनची मेट्रो पूर्ण बंद असते. नाताळच्या आसपास विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून त्या दिवशी उतरणाऱ्याने काही मोजक्या बसगाड्या, टॅक्सी किंवा नातेवाइकाची गाडी यांपैकी एक आधी पक्कं करावं. दुसऱ्या दिवशीही गाड्या कमीच असतात. रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा निघण्याआधी नॅशनल रेलचं संकेतस्थळ पाहिलेलं बरं.

टॅक्सी घ्यायची तर टर्मिनलबाहेरच्या अधिकृत रांगेतली काळी टॅक्सी, मीटरने. मध्य लंडनला साठ पाउंडांपासून शंभराच्या वरही जाते. चौघं मिळून असाल तर ते फार अंगावर येत नाही. मिनीकॅब आणि उबर आधी बुक केलेलीच असायला हवी. अरायव्हल्समध्ये कोणी जवळ येऊन “टॅक्सी?” म्हणून विचारलं, मग तो हिंदीत बोलला आणि “भैया” म्हणाला तरी, त्याच्यामागे जाऊ नका. असं गिऱ्हाईक पटवणं तिथे बेकायदा आहे.

वयस्कर पालक एकटे येत असतील तर व्हीलचेअर मागायला संकोच नको. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. गुडघे चांगले असलेली माणसंही केवळ इंग्रजीच्या धास्तीने खुर्ची मागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मला ते पटत नाही, कारण खरी गरज असलेल्यांना मग ताटकळावं लागतं. चालता येत असेल तर एका कागदावर मुक्कामाचा पत्ता, मुलाचा नंबर आणि “मला मराठी आणि हिंदी येतं” एवढं इंग्रजीत लिहून द्या. अधिकाऱ्यांना गरज वाटली तर ते दुभाषाची सोय करतात. मदतनीस मिळाला तर तो इमिग्रेशन, सामान आणि बाहेर थांबलेल्या माणसापर्यंत सोबत करतो. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत.

घ्यायला येणाऱ्या मुलांसाठीही दोन शब्द. प्रवाशांना सोडायच्या जागेत गाडी नेलीत तर शुल्क लागतं, आणि तिथे येणाऱ्या माणसाची वाट पाहत थांबता येत नाही. गाडी त्या टर्मिनलच्या शॉर्ट स्टे पार्किंगमध्ये लावा आणि स्वतः अरायव्हल्सच्या कठड्याशी येऊन उभे राहा. विमान उतरल्या क्षणापासून पार्किंगचं मीटर चालू ठेवू नका. अ‍ॅपवर ‘लँडेड’ दिसलं तरी इमिग्रेशन आणि बॅगा धरून आई-बाबा बाहेर यायला दीड तास सहज लागतो. त्यांच्या फोनवर तिथलं सिम चालत नसेल तर विमानतळाचं फुकट वायफाय आहे. ते कसं जोडायचं, हे निघायच्या आधी घरच्या वायफायवरच एकदा करून दाखवा.